१९६८ च्या कॅमारोचे मागचे शॉकअप

ट्रॉय, मिशिगन

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडच्या जुन्या दणकट गाड्यांचे मागचे शॉकअप कसे बदलतात, असं तू विचारलं होतंस. नट-बोल्टांचं बोलणं फोनवर नीट होत नाही, म्हणून लिहूनच पाठवतो. उदाहरणाला १९६८ ची शेव्हरोले कॅमारो घेतो. तिचा मागचा भाग तुला परका वाटणार नाही. आपल्या जीपसारखेच कमानपाटे आणि मागच्या आसाचं अखंड कवच, म्हणजे हाउसिंग. फरक शॉकअपच्या टोकांत. जीपला दोन्हीकडे डोळे, म्हणजे बोल्ट जाणाऱ्या कड्या, असतात. इथे वरच्या डोळ्यात आडवी दांडी असते आणि ती दोन बोल्टांनी गाडीच्या तळाला वरच्या अंगाला बसते. खालचं टोक म्हणजे आटे पाडलेला उभा दांडा, तो पाट्याखालच्या प्लेटच्या भोकातून जातो आणि खालून नट लागतो.

एक गोष्ट पाहून कोणालाही वाटेल की आधीच्या मेकॅनिकने चुकीचं बसवलंय. एका बाजूचा शॉकअप हाउसिंगच्या पुढे असतो आणि दुसऱ्या बाजूचा मागे. ही रचना कंपनीचीच आहे. १९६७ मध्ये दोन्ही पुढे होते. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की हाउसिंग स्वतःभोवती पिळायचं, पाटा मुरडायचा आणि चाकं रस्त्यावर थाडथाड उड्या मारायची. त्यातून १९६७ च्या सगळ्या कॅमारोंना प्रत्येक बाजूला एकेकच पाटा. म्हणून १९६८ पासून एक पुढे, एक मागे केला, म्हणजे पिळाला दोन्हीकडून अटकाव होतो. तेव्हा एका वेळी एकच बाजू खोलायची, दुसरी नमुन्याला राहते.

गाडी उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो आणि तीच चाकं हवेत जाणार, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. जॅक हाउसिंगच्या मध्यभागी, डिफरन्शियलच्या ओतीव गोळ्याखाली लावायचा. मागचं झाकण पातळ पत्र्याचं असतं, त्याच्या कडेवर वजन आलं की ती वाकते आणि तेल गळायला लागतं. घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) हाउसिंगच्या नळ्यांखाली ठेवायच्या, बॉडीखाली नकोत. बॉडीवर गाडी तोलली आणि शॉकअप काढला, तर हाउसिंग खाली लोंबतं आणि ब्रेकचा रबरी होज ताणला जातो.

हत्यारं इंची लागतात. वरचे बोल्ट ५/१६ इंचाचे, त्यांच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा सॉकेट. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., त्यामुळे १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे खाऊन टाकतो. सहा कोनीच सॉकेट घे, बारा कोनी नको. खालच्या नटला बहुतेक ९/१६ चा पाना लागतो.

खरी कसोटी वरच्या बोल्टांची. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तेच वर उडून पन्नास-साठ वर्षं त्या आट्यांत बसलेलं असतं. बोल्ट ज्यात शिरतात ते नट तळाच्या पत्र्याला वरून वेल्ड केलेले, तिथे हात पोहोचत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारायचं, सकाळी पुन्हा. मग आधी किंचित आवळायचा, पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा. सरळ जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. गॅसची ज्योत लावण्याचा मोह आवर. मागे पेट्रोलची टाकी आहे आणि तळाला डांबरासारखा लेप आहे. तुटलाच तर मध्यभागी पंच मारून आधी बारीक भोक, मग मोठं, आणि शेवटी ५/१६-१८ चा (इंचाला अठरा आटे) टॅप फिरवून आटे साफ करायचे. वेल्ड केलेला नटच सुटून फिरायला लागला, तर वरून पत्रा कापण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे या दोन बोल्टांना दिलेला वेळ वाया जात नाही.

खालचा नट फिरवताना कधीकधी अख्खा शॉकअपच गरागरा फिरतो. जुना टाकूनच द्यायचा असतो, तेव्हा नळीला पाइप पाना लाव, नाहीतर ग्राइंडरने नट काप.

नवा शॉकअप दुहेरी नळीचा असेल, तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा. आडवा पडून राहिल्यामुळे आत शिरलेली हवा निघते, नाहीतर सुरुवातीला तो पोकळ चालतो. गॅसचा असेल तर तो पट्टीने दाबून बांधलेला येतो. वरचे बोल्ट हाताने लागेपर्यंत ती पट्टी कापू नकोस. खालचा क्रम असा: वाटीसारखा वॉशर, रबर, प्लेट, रबर, वॉशर, नट. रबर फुगून वॉशरच्या काठाएवढं झालं की थांबायचं. त्यापुढे आवळलं की रबर चिरतं, दांड्याला डुलायला जागा राहत नाही आणि काही दिवसांनी तो मुळाशी तुटतो. रबराला ग्रीस लावायचं नाही, साबणाचं पाणी पुरे. वरचे बोल्ट नवे घाल, आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे ते जाम होऊ न देणारा लेप, लाव.

सत्तरच्या दशकात रुंद टायर मावावेत म्हणून हवा भरायचे शॉकअप घालून गाडीचं बूड उंच करायची टूम होती. अजून काही जण तेच मागतात. माझा त्याला विरोध आहे. वरची जागा फक्त धक्का झेलण्यासाठी केलेली आहे, गाडीचं वजन पेलण्यासाठी नाही, त्यामुळे तिथला पत्रा चिरतो. पाटे दबून बसले असतील तर पाटेच बदलायचे.

काम झाल्यावर मागचा कोपरा दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. पन्नासेक मैल चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासायचे, कारण रबर थोडं बसतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ