घरची वाइन: शरदला पत्र

इंदूर

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

लेस्टरच्या गणपतीत कुणीतरी ‘हा घरी दारू गाळतो’ म्हणालं आणि तू यंदा ब्लॅकबेरी वाइनच्या बरण्या भरायच्याच नाहीत असं ठरवलंस, हे वाचून फार वाईट वाटलं. असं करू नकोस रे.

दारू गाळायला भट्टी लागते, वाफ थंड करून धरावी लागते. तुझ्या बरणीत यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. आमचे वैद्य आजोबा रामबागेतल्या घरी द्राक्षारिष्ट हे औषध करत ते याच रीतीने. ती मागची अंधारी खोली तुला आठवत असेल. मडक्याला आतून तूप चोळायचं, मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालायची, तोंडाला कापडमातीचा लेप. महिनाभर कुणी हात लावायचा नाही. मग आजोबा लेप फोडून पेटती काडी तोंडाशी धरत. विझली तर आत अजून आंबण्याचा वायू सुटतोय, म्हणजे पुन्हा बंद. जळत राहिली तरच गाळून बाटलीत. ते अरिष्ट गल्लीतल्या सोवळ्यातल्या आज्यासुद्धा जेवणानंतर मुकाट्याने घेत! वैद्याच्या हातचं म्हणून मान आणि तुझ्या हातचं म्हणून टोमणे, हा न्याय मला मान्य नाही.

पण बदनामीला हौशी लोकही जबाबदार आहेत, हे तुला सांगायलाच हवं. घाईने भरलेली, गढूळ, हवा लागून आंबट झालेली बाटली पाहुण्यांपुढे ठेवायची आणि ते भिडेपोटी ‘छान झालीय’ म्हणाले की खूश व्हायचं. वाइन बिघडते ती जंतूंमुळे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने १८६६ च्या ग्रंथात दाखवून दिलं. हवा मिळाली की ॲसिटिक जंतू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. हे माहीत असून भांडी नीट न धुणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

तू तसा नाहीस. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०९० वरून १.००० च्या खाली येईपर्यंत, म्हणजे साखर संपेपर्यंत, तू वहीत आकडे लिहितोस, गाळ बसला की नळीने वरची नितळ वाइन दुसऱ्या बरणीत घेतोस. मग पावती नातेवाइकांकडून कशाला मागायची? १९५३ मध्ये साखरेचं रेशनिंग उठल्यावर तुमच्याकडे इंग्लंडात हौशी वाइनवाल्यांची मंडळं निघाली, त्यांच्या स्पर्धा होतात. परीक्षक बाटली उजेडात धरतो, वास घेतो, मग घोट, आणि दोष असेल तर तोंडावर सांगतो. नाव होतं ते अशा जाणकारांच्या जिभेवर. इथे आम्हाला परवान्याशिवाय घरी वाइन करताच येत नाही; तुला स्वतःपुरती करायची मुभा आहे, ती वाया घालवू नकोस.

गेल्या वर्षीची ब्लॅकबेरी स्पर्धेत दे. परीक्षकाने गुण कुठे कापले ते जसंच्या तसं मला कळव, आणि वहीतल्या त्या पानांचे फोटोही पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू