रजेवरच्या माणसाला फोन करणारा कुणालाच का दिसत नाही? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्याला हे माझं दुसरं पत्र. पहिलं गेल्या वर्षी लिहिलं होतं. 'कामाची वेळ संपल्यावर आणि रजेवर असताना फोन न उचलण्याचा हक्क याच अधिवेशनात कायद्यात आणू,' असं आपण जाहीर भाषणात म्हणालात, त्यानंतर आठवड्याभरात. त्या पत्रात तक्रारीचा एक शब्दही नव्हता, फक्त आभार होते. उत्तर आलं: 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे.' ते अधिवेशन संपलं, पुढचंही संपलं. विधेयक कामकाजाच्या यादीत मला कुठे दिसलं नाही.

परवा माझ्या टेबलावर एक कागद येऊन पडला. 'मंजूर रजेच्या कालावधीत आपण दीड दिवस दूरध्वनीवर उपलब्ध नव्हता. त्यामुळे कामात अडथळा निर्माण झाला. याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' खाली सही ज्यांची, त्यांनीच माझी रजा मंजूर केली होती. मी समुद्रकिनारी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण तो दीड दिवस सुरू व्हायच्या मिनिटापर्यंत मी त्यांच्याशीच फोनवर बोलत होतो. फोन मधेच का तुटला, हे आजवर त्यांनी विचारलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून आपल्याला सांगतो.

सलग चार दिवसांची रजा मला वर्षात एकदाच मिळाली. मुलगी आठ वर्षांची आहे. महिनाभर ती कॅलेंडरवर फुल्या मारत होती. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर पाय ठेवल्यापासून रात्रीपर्यंत अकरा फोन आले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सहा. अडीच दिवसांत २६ फोन. मिनिटांची बेरीज केली तर सहा तासांच्या आसपास जाते. लेखी निरोप मी मोजायचे सोडून दिले. आणि कामं कोणती? अमुक फाइल कुठे ठेवली आहे. तमुक तक्ता पुन्हा पाठव. गेल्या तिमाहीचा आकडा आठवतो का. यातलं एकही काम असं नव्हतं, की चार दिवस थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडलं असतं. माझ्या जागी चार दिवस कुणाला बसवायचं, हे ठरवायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, एवढंच.

सव्विसावा फोन आला तेव्हा मुलगी घोटाभर पाण्यात बसून वाळू खणत होती. मी तिच्यापासून आठ-दहा पावलांवर. बायको पिण्याचं पाणी आणायला खोलीवर गेली होती. 'फक्त दोन मिनिटं' असं साहेब म्हणाले. एक तक्ता उघडून त्यातले आकडे वाचून दाखवायचे होते. भर उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, हे समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सूर्य पाण्याच्या बाजूला होता. म्हणून मी समुद्राकडे पाठ केली आणि अंगाची सावली पडद्यावर पडेल असा वाकून उभा राहिलो. वाऱ्यात ऐकू येईना, म्हणून दोन्ही कानांत इअरफोन घातले. 'बाबा, बघ ना' असं ती एकदा म्हणाली, ते ऐकू आलं. मी मागे न बघताच दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

ती दोन मिनिटं २३ मिनिटं चालली.

तिला लाटेने ओढलं ते मी पाहिलं नाही. बुडणारं माणूस ओरडतं, हात हलवतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरत नाही. लहान मूल मिनिटभरात दिसेनासं होतं, तेही आवाज न करता. मला आवाज आला तो एका अनोळखी बाईचा, ती माझ्या शेजारून धावत पाण्यात गेली तेव्हा. त्या बाईंच्या हातात फोन नव्हता, त्या नुसत्या समुद्र बघत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीला कमरेभर पाण्यातून केसांना धरून वर काढलं. तिचे ओठ निळे पडले होते.

मी मदतीसाठी फोन लावायला गेलो. हात ओले, खाऱ्या पाण्याने निथळत होते. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. तो बोटातली वीज ओळखून चालतो आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो. आकडा दाबावा तर दुसरंच काही उघडत होतं. शर्टाला हात पुसले तर शर्टही भिजलेला. तोवर फोन इतका तापला होता की बंदच पडला. ३५ अंशांवरच्या हवेत हे यंत्र वापरू नका, असं फोन बनवणाऱ्या कंपन्याच लिहितात. मी तर ते सकाळपासून उन्हात हातात धरून बोलत होतो. साहेबांचे २६ फोन त्याने बिनचूक पोचवले. माझा एक पोचवला नाही. रुग्णवाहिका दुसऱ्या कुणीतरी बोलावली.

मुलगी वाचली. डॉक्टरांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, कारण श्वासनलिकेत पाणी गेलं की त्रास काही तासांनीही वाढू शकतो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन बंद होता. कार्यालयाने माझ्याकडे खुलासा मागितला आहे तो याच दीड दिवसाचा.

आता ती माझ्याशी काही बोलायच्या आधी विचारते, "बाबा, कुणी फोनवर नाही ना?" विचारते आणि उत्तराची वाट बघत उभी राहते. मंत्रिमहोदय, मला रागावली असती तर बरं झालं असतं.

फोन मी उचलला. त्याची जबाबदारी माझी आहे आणि ती मी मरेपर्यंत वाहीन. ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. पण गेले तीन आठवडे मी जे ऐकतो आहे ते तुम्हीही ऐका. नातेवाईक म्हणतात, आजकालच्या आईबापांना फोन सुटत नाही. जर्मनीतल्या जीवरक्षकांनी २०१८ च्या उन्हाळ्यात हेच बजावलं होतं, की मुलं पाण्यात असताना आईबाप फोनमध्ये मान घालून बसतात. ते खरंच सांगत होते, मुलांना बाहेर काढायला तेच उड्या मारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात. म्हणजे तासाला तीसहून जास्त. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. काही जण फोटो काढताना जातात. २०११ ते २०१७ या काळात सेल्फी काढताना गेलेल्या २५९ माणसांच्या बातम्या संशोधकांनी जमवल्या, त्यांत सर्वांत जास्त मृत्यू बुडून झालेले होते. अशा फोटोवेड्यांची बाजू मी घेणार नाही.

पण किनाऱ्यावर फोन कानाला लावून उभा असलेला प्रत्येक बाप मजा म्हणून बोलत नसतो, हे कुणी बोलतं का? समुद्रावर फोन घेणारा सगळ्यांना दिसतो. पलीकडून फोन करणारा वातानुकूलित खोलीत बसलेला असतो, तो कुणालाच दिसत नाही. पाण्याकडे लक्ष ठेवा अशी पाटी किनाऱ्यावर लावता येते. फोन करणाऱ्याच्या टेबलावर पाटी कोण लावणार? ते काम तुमचं होतं. तुम्ही तसं कबूल केलं होतं.

'मग नाही उचलायचा,' असं मला तुमच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी रजेत फोन उचलला नव्हता. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात शेरा आला: 'संपर्कात राहत नाहीत.' बढती गेली. रजेच्या अर्जातच एक रकाना असतो, 'रजेच्या कालावधीतील संपर्क क्रमांक'. तो कोरा ठेवला तर अर्ज परत येतो. म्हणजे रजा मागतानाच रजा मोडायचं साधन मी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, आणि वापरलं गेलं की म्हणायचं मी माझ्या मर्जीने बोललो.

कायदा अवघड आहे, व्यवहारात बसत नाही, असं तुम्ही आता म्हणता. कुणाला बसला नाही? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. त्याच्याही आधी, २००४ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णवाहिका चालकाच्या खटल्यात निकाल दिला, की कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या मोबाइलवर न सापडणं हा कर्मचाऱ्याचा दोषच नाही. रुग्णवाहिका चालक, महोदय! त्याला जो दोष लागला नाही तो तक्ता पाठवणाऱ्या कारकुनाला लागतो. पोर्तुगालने २०२१ मध्ये बोजा उलटा केला: कर्मचाऱ्याने फोन उचलू नये असं न सांगता, मालकानेच विश्रांतीच्या वेळेत संपर्क करू नये असं कायद्यात लिहिलं. खरी आणीबाणी तेवढी वगळली. मला हवा आहे तो हाच कायदा, कारण पोर्तुगालला फोन करणारा दिसला. ऑस्ट्रेलियाने २६ ऑगस्ट २०२४ पासून हक्क दिला आणि छोट्या व्यवसायांना तयारीसाठी एक वर्ष जास्तीचं दिलं. आणि यंत्राने हे होत नाही म्हणाल, तर डाइमलर या जर्मन मोटार कंपनीने २०१४ सालीच सोय केली, की रजेवरच्या कर्मचाऱ्याला आलेली ईमेल आपोआप पुसली जावी आणि पाठवणाऱ्याला दुसऱ्या कुणाचं तरी नाव कळावं. दहा वर्षांहून जास्त झाली त्याला.

पगारी रजा ही कुणी दिलेली खिरापत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम वाचा: विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० च्या करारात वर्षाला किमान तीन आठवडे धरले आहेत. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फोन नव्हता. हातात धरायच्या फोनवरून पहिलं बोलणं झालं ते १९७३ मध्ये. तेव्हा माणूस समुद्रावर गेला म्हणजे गेला, रजा पाळायला मालकाला वेगळं काही करावं लागत नव्हतं. अंतरच ती पाळत होतं. ते अंतर फोनने पुसून टाकलं आणि त्याच्या जागी आपल्या कायद्याने काहीही ठेवलं नाही. पन्नास वर्षांत एक ओळ नाही.

उलट सगळे आम्हाला ढकलतच आहेत. सहलीच्या जाहिरातीत खुर्ची, लाट आणि मांडीवर संगणक. फोन कंपनीच्या जाहिरातीत 'कुठेही असा, कामाशी जोडलेले राहा'. बार्बाडोससारख्या बेटाने जुलै २०२० मध्ये वर्षभर समुद्राकाठी राहून आपापली नोकरी करण्यासाठी परवानाच सुरू केला. जे मर्जीने तिथे काम करायला जातात त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते कामाला गेले आहेत, रजेवर नाहीत. पण तेच चित्र आमच्या साहेबांच्या डोक्यात बसलं आहे आणि आता रजेचा अर्थ फक्त 'दुसऱ्या खुर्चीत बसून काम' एवढाच उरला. तुम्ही, उद्योगमंत्री, पर्यटनमंत्री, दूरसंचारमंत्री, सगळे एका मंत्रिमंडळात बसता. एकाला समुद्रावर गर्दी हवी, एकाला तिथे मनोरे हवेत, एकाला उत्पादन वाढायला हवं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बापाचं खातं कुणाकडे आहे? तुमच्याकडे होतं असं मी समजत होतो.

रजेच्या अर्जातला तो रकाना एका परिपत्रकाने उद्या काढता येईल, त्याला अधिवेशन लागत नाही. रजेत न उचललेल्या फोनबद्दल खुलासा मागणं आणि मूल्यमापनात शेरा मारणं बेकायदा ठरवा. विधेयकात बंधन मालकावर घाला, उचलणाऱ्याच्या धैर्यावर सोपवू नका. आणि तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, किनाऱ्यावर एक खांब उभा करा, ओल्या हाताने दाबता येईल असं एकच मोठं बटण असलेला, सरळ मदतकेंद्राशी जोडलेला. माझ्यासारखा भिजलेला, थरथरणारा माणूस काचेवर आकडे दाबू शकत नाही.

सात दिवसांची मुदत या शुक्रवारी संपते. खुलाशात मी 'मंजूर रजेवर होतो' एवढंच लिहिणार आहे, मुलीबद्दल काहीही नाही. ते मी त्यांना सांगायला बांधील नाही. त्यासाठी माझ्यावर कारवाई झाली तर त्या कागदाची प्रतही तुम्हाला पाठवीन, आणि या वेळी ती संबंधित विभागाकडे जाऊ नये. तुम्ही वाचावी.

आपला,
एक कर्मचारी