सईच्या चेलोबद्दल

प्रिय मंद्या,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. इकडं शहापुरात नुसता पाऊस पडालाय, लाईट गेलेली, अंधारात बसून दोनदा ऐकला. सईला कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली म्हणून पोरगी म्हणतेय आता क्लास बस झाला, आणि तू मला विचारालास की काय करू. फोनवर मला धड बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय.

तिला जॅकलीन दु प्रेचं सांग, इंग्लंडची ती नावाजलेली चेलोवादक. चार वर्षांची असताना रेडिओवर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा हा थोरला भाऊ, ऐकला आणि आईजवळ हट्ट धरला की मला हेच पाहिजे. दहाव्या वर्षापासून विल्यम प्लीथकडं शिकली, अकराव्या वर्षी १९५६ ला तिला सुजिया गिफ्ट मिळालं, म्हणजे शिकायला पैसे. १ मार्च १९६१ ला लंडनच्या विग्मोर हॉलमधी पहिला मोठा कार्यक्रम, वय १६! मग १९६५ ला ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या बार्बिरोलींबरोबर एल्गारच्या कन्चेर्तोचं, म्हणजे चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी त्यानं रचलेल्या संगीताचं, रेकॉर्डिंग, ते मी तुझ्याच घरी पहिल्यांदा ऐकलं होतं, आठवतंय? वीस वर्षांची पोरगी रे, आणि ते सुरुवातीचे चार स्वर असे ओढते की छातीत कालवतं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. एवढं नाव झाल्यावर १९६६ ला ती मॉस्कोला गेली, रोस्त्रोपोविच या थोर चेलोवादकाकडं, विद्यार्थी म्हणून. १९७३ ला आजाराचं निदान झालं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी वाजवणं थांबलं, म्हणजे हातात वर्षं किती थोडी होती बघ, त्यातले पण महिने तिनं शिकण्यात घातले. लोक आजाराचंच बोलत बसतात, मला हेच जास्त लागतं.

आणि लांब कशाला, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र. लहानपणीच रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचा, कुमार गंधर्व म्हणून गाजला, तरी मुंबईला देवधर मास्तरांच्यात जाऊन परत शिकायला बसलाच की. ऐकून गाणं येत होतं तरी बसला.

माझं तुला माहितीय. नववीत पेटीला बक्षीस मिळालं, गल्लीत सत्कार झाला, आणि दुसऱ्या महिन्यापासून मी सरांच्याकडं जायचं सोडलं. सर दोनदा घरी येऊन गेले, मी मागच्या दारानं बाहेर पळालो. सर आता नाहीत, आणि ते अजून मनातनं जात नाही रे.

सईवर रागवू नको. एक-दोन कार्यक्रम करू दे, लोकांसमोर बसायची सवय पण लागते, पण क्लासचा वार चुकवायचा नाही एवढं ठरव. गणपतीला येताना चेलो घेऊनच या, रेल्वेत त्याला वेगळी सीट लागली तर तिकीट मी काढतो. माडीवरच्या पेटीचा भाता फाटलाय, तोपर्यंत मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणतो. सईला म्हणावं, काका सा धरून बसतो, तू वाजव.

तुझा,
सुन्या