व्हायोलेटची रोपं देणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेली व्हायोलेटची रोपं झुडपांखाली छान पसरली आहेत. नुसत्या रोपांचे आभार तुमच्या घरी येऊनही मानता आले असते. पण रोपांसोबत तुम्ही जे समजावून दिलंत ते आणखी चार बागांत पोचावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

"फुलांसाठी लावू नकोस, पानांसाठी लाव," असं तुम्ही रोपं हातात देताना म्हणालात. बाग कुणासाठी करायची, ते माझ्यासाठी त्या क्षणी ठरलं. फ्रिटिलरी गटातल्या कितीतरी फुलपाखरांचे सुरवंट व्हायोलेटच्या पानांवरच वाढतात. शेजारी दुसरं हिरवं कितीही असो, त्यांना ते चालत नाही. मोठी फुलपाखरं मधासाठी कुठल्याही फुलावर येतील, पण व्हायोलेट नसेल तर त्यांची पुढची पिढी तिथे जन्मणार नाही. म्हणून पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या की आता मला आनंद होतो. फवारणी तर दूरच.

व्हायोलेटच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यातली आपल्याच भागात मुळात उगवणारी जात शोध, हा तुमचा आग्रह. रानातून उपटून आणायची नाही, बियांपासून वाढवलेली किंवा कुणाच्या वाफ्यातली वाटून घ्यायची, हाही तुमचाच. दुकानात कुंडीत मिळणारं आफ्रिकन व्हायोलेट वेगळ्याच कुळातलं आहे, सुरवंटांना त्याचा उपयोग नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत ते फार बरं झालं.

पाचोळ्याबद्दल तर तुमचे आभार किती मानू! पानगळीनंतर खराटा घेऊन बाग लख्ख करायची पद्धत सगळीकडेच आहे. तुम्ही मला थांबवलंत आणि कारण सांगितलंत. काही फ्रिटिलरींच्या माद्या व्हायोलेट सुकून गेलेली असली तरी त्याच जागी, पाचोळ्यात अंडी घालतात. सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरी तर जवळच्या झाडाच्या सालीच्या खाचेत घालते. त्यातून निघालेला इवलासा सुरवंट अंड्याचं कवच खातो आणि बाकी काहीही न खाता सगळा हिवाळा तिथेच काढतो. वसंतात तो खोडावरून खाली उतरतो आणि व्हायोलेटची कोवळी पानं शोधत निघतो. ती पानं त्याला जवळच मिळायला हवीत. हे कळल्यावर पाचोळा भरून बाहेर टाकण्याचा विचारही मनात येत नाही. शिवाय तोच पाचोळा कुजून व्हायोलेटला हवी तशी भुसभुशीत, ओल धरणारी माती तयार होते.

उन्हाळ्यात पानं बाजूला सारून तुम्ही मला जमिनीलगतच्या बंद कळ्या दाखवल्यात. वसंतातली फुलं मधमाश्यांसाठी असतात. खालच्या पाकळीवरच्या गडद रेघा वाट दाखवतात, आणि तेरड्याच्या फुलाला असते तशी मागची पोकळ नळी मधुरस सांभाळते. या नंतरच्या कळ्या मात्र उमलतच नाहीत. आतल्या आतच त्यांचं परागीभवन होतं आणि त्यांतूनच भरपूर बी धरतं. १८७७ साली डार्विनने अशा न उमलणाऱ्या फुलांवर सविस्तर लिहिलं होतं, त्यात व्हायोलेटही होतं. मला मात्र ती तुमच्या बोटाने दिसली.

पुढचं काम मुंग्यांचं. बोंड तीन फाकांत उघडतं, वाळताना फाका आवळतात आणि बिया उडून पडतात. प्रत्येक बीला एक छोटा तेलकट गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी वारुळात नेतात, गोळा खातात आणि बी तसंच टाकून देतात. फरशीच्या सांधीत उगवलेल्या रोपांचं कोडं तेव्हा सुटलं. मुंग्यांवर पावडर टाकायची नाही हे तुम्ही का बजावत होतात, तेही तेव्हाच कळलं. मुंग्यांची अशी बाजू घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बी स्वतः पेरायचं तर थंडीच्या आधी पेरून कुंडी उघड्यावरच ठेवायची, कारण बऱ्याच जातींच्या बियांना गारठा लागल्याशिवाय जाग येत नाही. जागा अर्धवट सावलीची. एवढं पाळलं की व्हायोलेट फारसं काही मागत नाही, आणि हिरवळीत शिरलं तर शिरू द्यावं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं आहे.

यंदा फुलं ओसरली की दाट झालेले गड्डे वेगळे करून वाटायचे आहेत. मागणारे आत्तापासून विचारत आहेत. कुणाला किती द्यायचे आणि कुठे लावायला सांगायचं, हे ठरवायला तुम्ही या. रोपांसोबत पाचोळ्याची आणि मुंग्यांची गोष्टही तुमच्याच तोंडून त्यांना ऐकू दे.

तुमची,
बागेतली विद्यार्थिनी