तुझी पोरं इकडे पुण्यात आहेत

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. फोनवर हे सगळं धड बोलता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तू पाळक आहेस त्या मंडळीत, तुमच्या गावच्या चर्चमध्ये, उपासनेला आता म्हातारी माणसंच दिसतात, तरुण संघ नावापुरता उरलाय, आणि कमिटीतले लोक म्हणतात की पोरांना मोबाईलने बिघडवलं. पुण्यातल्या मंडळ्या काय करतात ते कळव, असं तू लिहिलंस. बाबा रे, पुण्यातही बहुतेक ठिकाणी हीच रड आहे. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्या हातातली आहे. तुझ्या मंडळीतली पोरं कुठे हरवलेली नाहीत. ती इकडे आहेत.

चाकणच्या कंपन्यांत आहेत, हिंजवडीत आहेत, खराडीत कॉल सेंटरला आहेत, नर्सिंगच्या वसतिगृहांत आहेत. नगर, जालना, संभाजीनगर, सगळीकडून येतात. गावात असताना हीच पोरं नाताळात तारे टांगत होती, रविवारच्या शब्बाथ शाळेत बायबलची वचनं पाठ म्हणत होती. पुण्यात आली की रविवार हा कपडे धुण्याचा आणि झोपेचा दिवस होतो. त्यातूनही एखादा आठवण ठेवून इथल्या चर्चमध्ये येतो. मागे असाच एक मुलगा आला होता. तुझ्याच तालुक्यातला, चाकणला वेल्डिंगच्या लाइनवर काम करणारा. उपासना संपली, आवारात घोळके जमले, सगळे एकमेकांच्या घरची ख्यालीखुशाली विचारत होते आणि हा पाण्याच्या टाकीपाशी मोबाईलमध्ये बघत उभा. एका वडीलधाऱ्याने विचारलं, "कुणाच्यातला रे तू?" त्याने गावाचं नाव सांगितलं. "अच्छा अच्छा" म्हणून ते गृहस्थ पुढे गेले. विचारणं प्रेमाचंच होतं, पण त्यापुढे काही नव्हतं. नाव नाही, नंबर नाही, "राहतोस कुठे, जेवतोस कुठे" नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. मी गावाकडून त्याचा नंबर शोधून काढला, भेटायला गेलो, म्हणून तो आज आमच्यात आहे. शोध न घेतलेले किती असतील याचा विचार आला की मला खरंच झोप लागत नाही.

इथे तुझं काम सुरू होतं. घर बदललं की सभासदत्व बदलीचं पत्र देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण ते पत्र आपण देतो कुणाला? लग्न होऊन गेलेल्या मुलीला, निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेल्या मास्तरांना. एकोणीस वर्षांच्या पोराला कोण देतो? तो बॅग उचलून एसटीत बसतो आणि तुझ्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव तसंच राहतं. माझं म्हणणं एवढंच, की पोरगा निघायच्या आधी तू त्याच्या घरी जाऊन प्रार्थना कर, आणि त्याच दिवशी इथल्या पाळकांना फोन कर. पत्र नंतर आलं तरी चालेल. फोन मात्र त्याच दिवशी झाला पाहिजे. रविवारी तो इथे पोहोचला की फाटकाशी कुणीतरी त्याला नावाने हाक मारली पाहिजे.

आमच्याकडेही बदल करावा लागला. शिफ्टवाल्या पोरांना सकाळची उपासना जमत नाही. रात्रपाळी करून आलेला मुलगा साडेआठला बाकावर बसून उपदेश कसा ऐकणार? म्हणून महिन्यातून दोन रविवारी संध्याकाळची उपासना सुरू केली. तिला विरोध झाला. मंडळी दुभंगेल, म्हणाले. तशी काही दुभंगली नाही.

पण मित्रा, पोरं येणं ही अर्धी गोष्ट झाली. आपले बरेच पुढारी तिथेच थांबतात. गिटार आणा, ड्रम आणा, भिंतीवर पडदा लावा, म्हणजे पोरं टिकतील असं त्यांना वाटतं. वाद्यांना माझा अजिबात विरोध नाही. नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या आणि भजनांच्या चालीवर ख्रिस्ती गीतं रचली, तेव्हा आपल्या देवळांत साहेबांच्या चालींवर भाषांतरित गीतं म्हटली जात होती. टिळकांची पदं तेव्हाची नवी होती आणि आज 'उपासना संगीत' या आपल्या गीतसंग्रहात त्यांनाच आपण जुनी गाणी म्हणतो. तेव्हा उद्या एखाद्या पोराने नवी चाल बांधली तर त्याला बांधू दे, आणि टिळकांची पदंही त्याच पोरांकडून पेटी-तबल्यावर बसवून घे. त्यांना ती आवडतात, फक्त कुणी शिकवत नाही. पण गाण्यासाठी पोरगं फार तर दोन महिने येईल. तो टिकतो तो त्याच्या प्रश्नामुळे. त्याच्या मनात जे सलतंय ते विचारायला इथे जागा आहे की नाही, हे तो बघत असतो.

आमचे पाळकसाहेब शनिवारी रात्री पोरांबरोबर बसतात. अजेंडा नाही, पुस्तिका नाही, चहा आणि वडापाव. गेल्या पावसाळ्यात, प्रवेशांच्या दिवसांत, एका मुलाने विचारलं, "पाळकसाहेब, माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला. पण शाळेच्या दाखल्यावर आमची जुनी जात आणि धर्म तसाच आहे, वडिलांनी शिक्षणासाठी कागद बदलले नाहीत. मग मी खोटा ख्रिस्ती आहे का?" बाकीची पोरं खाली बघायला लागली, कारण त्यांतल्या अनेकांच्या घरी हाच कागद कपाटात आहे. तुलाही माहीत आहे, हा विषय आपण व्यासपीठावरून कधी काढत नाही. पाळकसाहेबांनी वचन काढून त्याचं तोंड बंद केलं नाही. त्यांनी सगळा इतिहासच मांडला. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश, ज्याने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. मग 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेरच राहिले. सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चाललेल्या याचिका, 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला आयोग, हेही सांगितलं. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने आजोबांचं पाणी काही मोकळं केलं नव्हतं, हेही ते बोलले. शेवटी म्हणाले, "देवासमोर तू कोण आहेस ते दाखला ठरवत नाही. कागदाचं काय करायचं ते मी तुझ्यावर लादणार नाही. तू आणि तुझे वडील बसा, म्हणाल तर मीही येतो." पुढच्या शनिवारी त्यांनी एका वकिलांना बोलावलं. त्या दिवशी खोली भरली. पोरांनी आपापल्या मित्रांना आणलं होतं आणि त्यांतले काही तर कधी देवळाची पायरी न चढलेले.

हे पाहिल्यापासून लूकच्या दुसऱ्या अध्यायातला प्रसंग मी वेगळ्या नजरेने वाचतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचं ऐकतोय, त्यांना प्रश्न विचारतोय. आपण नेहमी त्या मुलाच्या बुद्धीवर उपदेश करतो. पण ते गुरुजनही बघ ना! सणाची धामधूम नुकतीच संपलेली, आणि खेड्यातून आलेल्या एका अनोळखी पोराला ती विद्वान माणसं मध्ये बसवून घेतात, त्याचं ऐकतात, त्याला उत्तरं देतात. "आधी मोठा हो" असं कुणी म्हणत नाही. आपल्या पुढाऱ्यांना आज नेमकं हेच शिकायचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि पंडिता रमाबाई तर आपल्याच. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्यानंतर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून किती वाद घातले! चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं. बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, म्हणायच्या. काहींना हा उद्धटपणा वाटला. पण चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना त्याच तोलाने उत्तरं दिली. ती वाद घालणारी मुलगीच पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारते, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणते. कुणी तिला तेव्हाच "श्रद्धा कमी पडते तुझी" म्हणून गप्प केलं असतं तर? आज आपल्या तरुण संघात अशी एखादी मुलगी हात वर करते तेव्हा आपण काय करतो, ते तू तुझ्या कमिटीत एकदा मोकळेपणाने विचार.

कॅथलिक बांधवांनी तर हे जागतिक पातळीवर केलं. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2018 मध्ये तरुणांवर बिशपांची सभा बोलावली, पण त्याआधी मार्चमध्ये जगभरातून सुमारे तीनशे तरुणांना रोमला बोलावून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. त्यांत ख्रिस्ती नसलेलेही होते. आधी पोरांचं ऐकायचं, मग बिशपांनी बोलायचं, हा क्रम मला फार आवडला.

आता पैशाचं. हा भाग तुला कडू लागेल, पण लिहितोच. मंडळीच्या जमिनी, खुर्च्या, निवडणुका, कोर्टकज्जे यांवरून होणारी भांडणं पोरांना सगळी माहीत असतात. व्हॉट्सअॅपवर आपल्याआधी त्यांच्याकडे येतात. आणि मग त्याच पोरांकडून आपण काय करून घेतो? खुर्च्या लावणं, मांडव बांधणं, पंगतीत वाढणं. निर्णयाच्या टेबलाशी त्यांना जागा नाही. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशेब गेल्या वेळी सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीकडे दिला. भोपळे, अंडी, कोंबड्या, एका आजींनी आणलेली गोधडी, कुणी किती बोली लावली आणि त्यांतले किती पैसे प्रत्यक्षात जमा झाले, हे तिने पावत्यांसकट लिहून सोमवारी सूचना फलकावर लावलं. बोली लावून पैसे न भरलेल्यांची नावं नव्हती, फक्त बाकी रक्कम होती. दोन आठवड्यांत बाकी भरली गेली. काही ज्येष्ठ नाराज झाले, पण पाळकसाहेब तिच्या मागे ठाम उभे राहिले. ते उभे राहिले हे पोरांनी पाहिलं. नुसतं काम देऊन भागत नाही रे, टीका सुरू झाली की पुढाऱ्याने ती आपल्या अंगावर घ्यायला हवी.

इंग्रजी फेलोशिपांबद्दल तू रागाने लिहिलंयस, की हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सभा आपली पोरं पळवतात. तो राग सोड. तिकडे गेलेल्या काही मुलांशी मी बोललो. भाषेचं कारण आहेच, इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना आपली जोडाक्षरं वाचताना अडखळायला होतं. पण बहुतेकांनी दुसरंच सांगितलं. आठवड्यात कुणीतरी फोन करतं, आजारी पडलं तर डबा घेऊन येतं. हे करायला इंग्रजी कशाला लागतं? आपल्या महिला मंडळाला एकदा सांगून तर बघ. इथे आमच्या बायकांनी पीजीत राहणाऱ्या मुलामुलींना रविवारी आळीपाळीने जेवायला बोलवायला सुरुवात केली आहे. संकोच दोन्हीकडून असतो, पहिल्या जेवणानंतर जातो.

अजून एक. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतून किंवा आणखी कुठून शिकाऊ पाळक तुझ्याकडे आला, तर त्याला फक्त शास्त्रपाठ वाचायला उभं करू नकोस. तो पंचविशीचा असतो, पोरांशी त्याचं तासाभरात जमतं. त्याला तुझ्याबरोबर घरोघरी ने, कमिटीत बसव, त्याच्यासमोर भांडणं मिटव. तुझ्यासारखा पाळक काम कसं करतो हे त्याला वर्गात दिसणार नाही.

आता माझं काम. तुझ्या मंडळीतून पुण्यात आलेल्या प्रत्येकाचं नाव, नंबर, राहतो कुठे, शिफ्ट कोणती, जे माहीत असेल ते मला लिहून पाठव. घरच्यांना विचारूनच पाठव, आणि पोरांनाही आधी सांग की काका फोन करतील. आम्ही दोघे-तिघे मिळून प्रत्येकाला भेटू. वेल्डिंगवाला मुलगाही येतो म्हणालाय, त्याच्या गावचे चौघे चाकणलाच आहेत, असं त्यानेच सांगितलं. डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) बैठकीला पुण्यात येशील तेव्हा शनिवारची रात्र राखून ठेव, लॉजवर उतरू नकोस, आपल्याच घरी ये. पोरांसमोर तुला बसवायचं आहे, आणि त्यांना तुला बरंच विचारायचं आहे.

वहिनींना आणि आईंना सलाम सांग. धाकटीचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय तेही कळव.

तुझाच,
पुण्याचा मित्र