उंचावरून शहर पाहायला तिकीट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर गॅलरी करायची आणि वर जायला घसघशीत तिकीट लावायचं, ही पद्धत आता जगभर रुळली आहे. चार जणांचं कुटुंब तिकिटाचा फलक वाचून खालूनच परत फिरतं. उंचावरून शहर पाहायला पैसे पडू नयेत, असं मला मनापासून वाटतं, आणि हे जमतं हे मी पाहिलं आहे.

लेकीकडे टोकियोला गेले होते, तेव्हा शिंजुकूतल्या महानगर शासनाच्या मुख्यालयात गेले. वास्तुविशारद केन्झो टांगे यांची ही २४३ मीटर उंच इमारत. खाली पिशव्या तपासतात आणि लिफ्ट थेट ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर नेते. तिकीट नाही. सरकारी कचेरीच्या वरचा मजला लोकांसाठी मोकळा ठेवला आहे. तिथे एक पियानोही आहे, ज्याला येतो त्याने वाजवावा.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे माझे डोळे आधी फुजीकडे गेले. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण ५० किलोमीटरवर असतं आणि फुजी जवळपास १०० किलोमीटर लांब. तरी तो दिसतो, कारण पायथा पृथ्वीच्या गोलाईआड गेला तरी ३७७६ मीटरचा माथा वर उरतोच. फळ्यावर आकृती काढून जे मुलांना सांगत आले, ते इथे काचेतून समोर होतं! मात्र त्यासाठी हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ हवी. दमट हवेत तो दिसणं कठीण. दुसऱ्या बाजूला इमारतींच्या दाटीत मेइजी देवळाचं हिरवंगार रान उठून दिसतं. मूळचं जंगल वाटतं, पण देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडं लावून ते १९२०च्या सुमारास उभं केलं. ३३३ मीटरचा नारिंगी-पांढरा टोकियो टॉवर मात्र आता शोधावा लागतो. १९५८मध्ये तो बांधला तेव्हा त्याच्या आसपास एवढं उंच काही नव्हतं. शहर कसं वाढलं हे मुलांना यापेक्षा चांगलं कुठे दाखवणार?

आणि हे फक्त सरकारी इमारतींनाच परवडतं असंही नाही. लंडनमधल्या २० फेनचर्च स्ट्रीट या कार्यालयीन टॉवरच्या माथ्यावर २०१५पासून ‘स्काय गार्डन’ आहे. आधी नाव नोंदवलं की प्रवेश मोफत. टॉवर ब्रिज, सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट, थेम्सची वळणं, सगळं तिथून दिसतं. २०२३मध्ये जवळच्याच २२ बिशप्सगेटमध्ये ५८व्या मजल्यावरची गॅलरीही अशीच मोफत खुली झाली.

टॉवर उंच झाला की आजूबाजूच्यांचं आकाश, ऊन आणि वारा कमी होतो. त्याची थोडी तरी परतफेड म्हणून, अतिउंच इमारतीला परवानगी देतानाच महापालिकांनी वरचा एक मजला लोकांसाठी मोफत ठेवण्याची अट घालावी. ही अट लेखी असावी, नाहीतर पुढे तिथे उपाहारगृह येतं आणि गॅलरी त्याच्या गिऱ्हाइकांपुरती उरते. चाकाच्या खुर्चीला जाता येईल अशी वाट, वयस्करांना टेकायला बाकडी, आणि कोणत्या दिशेला काय आहे ते अंतरासह सांगणारे फलक एवढं हवंच. संध्याकाळनंतर आतले दिवे मंद ठेवावेत. नाहीतर काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं, बाहेरचं शहर दिसत नाही.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका