बर्फाच्या खड्यावरचा काटा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फ्रीजरमधील ट्रेमध्ये बर्फाच्या एखाद्याच खड्यातून पेराएवढा, किंचित तिरपा काटा वर आलेला अनेकांनी पाहिला असेल. ‘वरून पाणी ठिबकले असेल’ असे म्हणून आमच्या घरी हा विषय वर्षानुवर्षे मिटवला जाई. प्रत्यक्षात हा काटा खालून वर वाढतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. कप्प्यातील पाणी आधी पृष्ठभागावर, कडांकडून आत गोठत येते आणि शेवटी एक लहानसे छिद्र उरते. खालचे पाणी गोठू लागले की वाढत्या आकारमानाला जागा न उरल्याने उरलेले पाणी त्या छिद्रातून वर ढकलले जाते, काठावर थिजते आणि अशी कडेवर कड चढत पोकळ नळी तयार होते. टोक बुजले की वाढ थांबते.

पाण्यात क्षार असल्यास काटा सहसा येत नाही. ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांनी बोअरच्या पाण्याशेजारी बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी गोठवून पाहावे (तो बर्फ सरबतात घालू नये, हे सांगायला हवेच). अमेरिकेतील कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ केनेथ लिब्रेख्ट यांच्या प्रयोगांत उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असे काटे सर्वाधिक आढळले. घरचा फ्रीजर याहून बराच थंड असतो, त्यामुळे प्रत्येक खड्याला काटा फुटेल अशी अपेक्षा धरू नये.

– एक वाचक, ठाणे